एकशे बावीस सेंटीमीटरची फट

"पुढच्या डाव्या टायरात हवा किती?" मामाने खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं.

"पाच," गेजला नाक चिकटवून टाचणी म्हणाली.

"सहा कर. मुळावर आपटली तर रिम वाकायची."

टाचणीने पंपाची नळी टायरला लावली. सुट्टी लागून अवघे चार दिवस झाले होते आणि तिच्या नखांत इतकं ग्रीस गेलं होतं की आईने पाहिलं असतं तर तिला उंबऱ्याबाहेरच उभं केलं असतं. पण आई होती लांब तिकडे घरी, आणि टाचणी होती मामाच्या गॅरेजात. याहून चांगली सुट्टी जगात कोणाला मिळत असेल असं तिला वाटत नव्हतं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती अंगाने बारीक होती आणि एखादी गोष्ट पटली नाही की टोचत राहायची, म्हणून मामानेच ते नाव ठेवलं होतं. तिचा आठ वर्षांचा भाऊ सदानकदा तिच्या मागे असायचा, तो शेपूट. आणि मामाचा तेरा वर्षांचा मुलगा भोंगा. कानात सांगितलेली गोष्टही चार घरं ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगायची त्याला सवय होती.

गॅरेजच्या मधोमध लोखंडी स्टँडवर मावशीची क्वाड चढवलेली होती. हँडल आणि सीट मोटारसायकलसारखी, पण चाकं चार, आणि तीही जाडजूड. मावशी म्हणजे मामाची धाकटी बहीण, अर्थात भोंग्याची आत्या. ती सकाळच्या पाळीला शहरातली बस चालवायची आणि दुपारनंतर क्वाड. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत पडून तिच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून गाडी कापडाखाली झाकलेली होती. डॉक्टरांनी आत्ता कुठे परवानगी दिली होती, आणि येत्या रविवारी जंगलातल्या पायवाटेवर शर्यत होती; त्याच वाटेवर मावशीचा रोज दुपारी सराव चालायचा. मावशी तोंडाने काही बोलत नसे. पण बसच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर ती रोज एकेक दिवस खोडत होती, हे टाचणीच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

ही गाडी आजवर मोकळ्या मैदानावर पळालेली. तिथे गाडी जितकी रुंद तितकी बरी, वळणावर उलटत नाही. जंगलात सगळा उलटा कारभार! दोन झाडांमधून निसटायचं तर गाडी अरुंदच हवी. मामा महिनाभर तिच्यामागे लागला होता. मुठींपुढे कडक प्लास्टिकच्या ढाली बसवल्या, म्हणजे फांद्या बोटांवर बसू नयेत. पोटाखाली जाड पत्रा ठोकला. चेनचं मागचं चक्र दोन दात मोठं घेतलं, म्हणजे चढावर गाडीला दम लागायला नको. स्प्रिंगा मऊ केल्या, म्हणजे मुळांवरून जाताना मावशीचा खांदा दुखू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा एक्सल आणि पुढच्या रिमा बदलून गाडीची रुंदी एकशे पंचवीसवरून एकशे सतरा सेंटीमीटरवर आणली.

"एकशे सतरा," टेप गुंडाळत मामा दिवसातून चारदा म्हणायचा. "सूतभरही इकडेतिकडे नाही."

मामाची पाठ दुखायची. डॉक्टरांनी त्याला वाकायची सक्त मनाई केली होती, म्हणून तो गाडी स्टँडवर कमरेइतकी उंच चढवायचा आणि नट आवळण्यापासून मोजमापापर्यंत सगळं खुर्चीत बसूनच करायचा. त्याच्या कामाला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. ग्राहकांची नव्हती, मावशीची नव्हती, आणि टाचणीला तर मामा म्हणजे मोजमापाचा देवच वाटायचा.

एवढ्या सुखात एकच खडा होता. सोमवारी वनरक्षकबाई गॅरेजात आल्या होत्या. शर्यतीची पायवाट जिथे सर्वांत अरुंद होते तिथे दोन जुनी झाडं आहेत. त्या दोन्ही झाडांची साल कोणीतरी ओरबाडली होती. साल म्हणजे झाडाची कातडी, ती गेली की आत कीड शिरते, असं सांगून बाईंनी बजावलं होतं की हा प्रकार थांबला नाही तर वाट बंद, मग शर्यतही नाही. त्यावर मामाने क्षणाचाही विचार न करता बेकरीवाल्या काकांचं नाव घेतलं. काकांचीही क्वाड होती, तेही शर्यतीत उतरणार होते, आणि मामाच्या मते गाडी वितीने मोजणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. बाईंनी त्याच संध्याकाळी काकांना वाट बंद केली आणि शर्यतीच्या यादीतून त्यांचं नावही काढलं.

बुधवारी सकाळी तिघं मुलं खिशात शेंगदाणे भरून ती झाडं बघायला गेली. दोन्ही झाडांवर, साधारण गुडघ्याच्या खाली, हातभर लांबीचे ओरखडे होते. शेपटाने एका ओरखड्याला बोट लावलं आणि बोट चटकन मागे घेतलं.

"चिकट आहे," तो म्हणाला.

टाचणीने वाकून पाहिलं. वरचे ओरखडे सुकून तपकिरी झाले होते. पण खालचा एक ओला होता, त्यातून डिंक पाझरत होता आणि कडेला रबराचा काळा रंग लागला होता.

"हा कालचा आहे," टाचणी म्हणाली. "आणि काकांना तर सोमवारपासून वाट बंद आहे."

"म्हणजे दुसराच कोणीतरी आहे!" भोंग्याने ही गुप्त गोष्ट झाडांवरच्या सगळ्या पक्ष्यांना कळवली.

टाचणीने खिशातून टेप काढला आणि दोन झाडांमधली फट मोजली. एकशे बावीस. आपली गाडी एकशे सतरा, म्हणजे पाच सेंटीमीटर मोकळे. आपली नव्हे, ही खात्री पटल्यावर तिला हायसं वाटलं. मग या वाटेवर येतं तरी कोण? तासन्‌तास झुडपात बसून पहारा करायचा भोंग्याचा बेत तिने मोडीत काढला, कारण भोंगा पाच मिनिटं गप्प बसला असता तर ती बातमी झाली असती. त्याऐवजी त्यांनी घरून निळे खडू आणले, पाण्यात कालवून त्याचा लगदा केला आणि ओरखड्यांच्या उंचीवर दोन्ही बुंध्यांना पट्टे ओढले. जो कोणी घासून जाईल त्याच्या टायरला निळा रंग लागेल आणि मग गावभर टायर बघत फिरायचं, असा बेत होता.

गावभर फिरायची वेळच आली नाही. साडेचारला मावशी सराव करून परत आली. चिखलाने माखलेली, हेल्मेट काखेत, आणि चेहऱ्यावर टाचणीने गेल्या दोन वर्षांत न पाहिलेलं हसू.

"दादा, गाडी लोण्यासारखी चालते रे," ती म्हणाली. "त्या दोन झाडांपाशी तेवढं हँडल झटका देतं. मुळं आहेत बहुतेक."

मामा खुशीत हसला. टाचणी मात्र हसली नाही. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांना निळा रंग लागला होता. उजवीकडेही आणि डावीकडेही.

भोंग्यानेही ते पाहिलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

मावशी हातपाय धुवायला गेल्यावर टाचणीने मामाला सगळं सांगितलं. मामाने टायर पाहिले, निळा रंग पाहिला आणि हात झटकला. वाटेत कुठेतरी लागला असेल, म्हणाला. टाचणी टोचत राहिली. तेव्हा त्याने गाडी पुन्हा स्टँडवर चढवली, खुर्ची ओढली आणि पुढच्या चाकांना टेप लावून तिला आकडा वाचायला सांगितला. एकशे सतरा. बरोब्बर एकशे सतरा.

"झालं समाधान? एकशे सतराची गाडी एकशे बावीसच्या फटीत घासत नसते. हे पहिलीतलं गणित आहे."

गणित खरं होतं आणि निळा रंगही खरा होता. टाचणी खालच्या फरशीकडे बघत राहिली. मामाने स्टँडची कळ दाबली आणि गाडी हळूहळू खाली आली.

तेल शोषून घ्यायला फरशीवर लाकडाचा भुसा पसरलेला होता. पुढची चाकं त्या भुशाला टेकली, गाडीचं वजन त्यांच्यावर आलं, आणि दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला सरकली. फार नाही, दोन्हीकडचं मिळून चार बोटं. त्यांनी ढकललेल्या भुशाच्या दोन बारीक रेघा फरशीवर उठल्या. मामा तोवर पाठ फिरवून टेप खिळ्याला अडकवत होता.

टाचणीने शेपटाला बाजूला ओढलं. "हात खाली सोड. आता दोन्ही बाजूंना आडवे कर."

शेपटाने हात आडवे केले आणि ते भोंग्याच्या नाकाला लागले.

"असं आहे ते!" टाचणी कुजबुजली. "चाकांना धरणारे लोखंडी हात आहेत ना, ते स्टँडवर खाली लोंबतात. तेव्हा चाकं जवळ येतात. गाडी जमिनीवर आली, वर माणूस बसला, की ते हात आडवे होतात आणि चाकं फाकतात."

"बाबांना सांगू या," भोंगा म्हणाला.

"सांगून ऐकणार नाही तो. त्याला दाखवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चहा घेऊन गॅरेजात आला तेव्हा दारात तेलाच्या रिकाम्या डब्यांचे दोन मनोरे उभे होते, एकावर एक पाच, आणि मध्ये फट. फट त्याच्याच टेपने मोजलेली होती. एकशे बावीस.

"मामा, तू बसून या फटीतून गाडी नेऊन दाखव," टाचणी म्हणाली. "एकही डबा पडला नाही तर दिवसभर मी फरशी घासेन, आणि निळ्या रंगाचं नाव काढणार नाही."

"घासच तू," म्हणत मामा ऐटीत गाडीवर बसला. इंजिन न लावता तिघांनी गाडी मागून ढकलली. पुढची चाकं फटीत शिरली मात्र, दोन्ही मनोरे एकदमच कोसळले. सगळं गॅरेज दणाणलं. शेजारच्या शिंप्याने खिडकीतून डोकावून कोणी मेलं का म्हणून विचारलं.

मामाने डबे पुन्हा लावायला सांगितलं. फट स्वतः मोजली. पुन्हा बसला, पुन्हा डबे पडले. तिसऱ्यांदा त्याने पाठीची पर्वा न करता भोंग्याला गाडीवर बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसला आणि जमिनीलगत टेप धरला.

"एकशे चोवीस," शेवटी तो म्हणाला. "आणि मी स्प्रिंगा मऊ केल्या. म्हणजे गाडी आणखीच बसते आणि आणखीच फाकते. सगळं मीच केलं."

टाचणीला वाटलं होतं, जिंकल्यावर मजा येईल. मामाचं पडलेलं तोंड पाहून तिला जराही मजा आली नाही.

दुपारी मावशीला सांगावं लागलं. नव्या, आणखी आत बसणाऱ्या रिमा मागवायच्या तर आठवडा लागणार होता. मामा इकडेतिकडे बघत म्हणाला, की रविवारपर्यंत ती त्या झाडांपाशी अगदी हळू जाऊ शकते, कोणाला काय कळतंय?

"आणि बेकरीवाले काका?" टाचणीने विचारलं. "त्यांचं नाव तर आपल्यामुळे गेलं."

मावशीने पाण्याचा पाइप घेतला आणि कालच धुतलेली गाडी पुन्हा धुवायला लागली. नियम तिला ठाऊक होता: झाडाला इजा करणाऱ्याचं नाव यादीतून जातं. दोन वर्षं ती या रविवारची वाट बघत होती. गाडीचा पत्रा न् पत्रा चकाकायला लागला तेव्हा तिने पाइप बंद केला.

"उद्या सकाळी बाईंकडे जाऊ," ती म्हणाली. "सगळेच."

वनरक्षकबाईंची चौकी म्हणजे एक टेबल, भिंतीवर नकाशा आणि खिडकीत रोपांच्या पिशव्या. मामाने सगळं स्वतः सांगितलं, एक शब्दही न लपवता. बाईंनी यादी काढली, बेकरीवाल्या काकांचं नाव पुन्हा लिहिलं आणि मावशीच्या नावावर काट मारली. ती काट मारताना पेनाचा झालेला आवाज टाचणीला ऐकू आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने नुसती मान हलवली.

मग बाईंनी मुलांना विचारलं, की त्यांना हे कळलं कसं. भोंग्याने खडूंची हकिगत सांगितली, शेपटाने हात आडवे करून दाखवले, आणि टाचणीने भुशातल्या रेघांचं सांगितलं. बाई ऐकता ऐकता पेन टेबलावर आपटत होत्या.

"आठ वर्षं या चौकीत आहे मी," त्या म्हणाल्या. "झाडांच्या बाजूने स्वतःच्या घराविरुद्ध तक्रार घेऊन आलेली तुम्ही पहिली माणसं." त्या मावशीकडे वळल्या. "उद्या चार वाजता त्या झाडांपाशी गाडी आणा. बुंध्यांना मी कापडाची पट्टी बांधून त्यावर खडू लावते. वर बसून, रोजच्या वेगात जायचं. खडू पुसला नाही तर नाव पुन्हा लिहीन. पुसला तर पुढच्या वर्षी भेटू."

आता चोवीस तासांत रिमा आणायच्या कुठून? मामाच्या ओळखीत तशा रिमा एकाच माणसाकडे होत्या, आणि त्याच्याकडे जायला मामाचे पाय उचलत नव्हते. पण माफी मागायला तर जायचंच होतं.

बेकरीवाले काका धिप्पाड होते, मिशीवर पीठ सांडलेलं. मामा दारात उभा राहून भट्टीकडे बघत माफी मागत होता आणि काका पाव मोजत ऐकून घेत होते. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "वितीने मोजतो खरं मी. पण बायकोला गाडीवर बसवून मोजतो. मी स्वतः बसलो तर मोजणार कोण?"

मामाला हसावं की रडावं कळेना. काकांनी मागच्या खोलीतून पिठाच्या पोत्याआडून दोन रिमा ओढून काढल्या. त्यांच्या जुन्या गाडीच्या होत्या, प्रत्येक चाक साडेतीन सेंटीमीटर आत घेणाऱ्या.

"तुमच्या बहिणीला हरवायचं तर ती शर्यतीत असायला नको का?" ते म्हणाले. "न्या."

त्या संध्याकाळी गॅरेजात मामाने खुर्ची भिंतीला लावून ठेवली. रिमा त्याने बसवल्या, चाकांचा रोख मावशीला सीटवर बसवून जुळवला, आणि टेप टाचणीच्या हातात दिला. मावशी बसलेली, चाकं जमिनीवर, टाचणी पालथी पडून आकडा वाचतेय. एकशे सतरा. तिने तीनदा वाचला.

शनिवारी चार वाजता दोन झाडांपाशी सगळे जमले. बेकरीवाले काकाही आले होते, पावांची पिशवी घेऊन. बाईंनी निळ्या खडूच्या पट्ट्या बांधल्या. लांबून इंजिनाचा आवाज आला, वळणावर गाडी दिसली, आणि टाचणीने शेपटाचा हात इतका घट्ट धरला की तो ओरडला. मावशीने वेग कमी केला नाही. मुळांवर गाडी उडाली, उतरली आणि फटीतून आरपार गेली.

बाई आधी एका झाडापाशी वाकल्या, मग दुसऱ्या. दोन्ही पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग यादी काढून त्यांनी मावशीचं नाव लिहिलं, आणि लिहिताना टाचणीला जवळ बोलावून तिच्याकडून ते नीट वाचून घेतलं. भोंग्याने ही बातमी अशी काही जाहीर केली की पलीकडच्या उतारावर पोचलेल्या मावशीलाही ती ऐकू गेली असावी, कारण तिकडून हॉर्नसारखी आरोळी परत आली.

रविवारी सकाळी बाईंच्या सांगण्यावरून तेवीस गाड्या चालकाला वर बसवून मोजल्या गेल्या, आणि मोजायला होती हीच तिघं मुलं. दोन गाड्या परत गेल्या. मावशी पाचवी आली, काका सहावे. मावशीने हेल्मेट काढलं तेव्हा चेहऱ्यावर चिखलाशिवाय फक्त दात दिसत होते. तिने टाचणीला उचलून गरगर फिरवलं, दुखऱ्या खांद्यासकट. दोन्ही झाडांच्या जखमांच्या कडा मामाने बाईंच्या देखरेखीखाली साफ केल्या, आणि पाठ दुखते अशी तक्रार एकदाही केली नाही.

सुट्टी संपेपर्यंत गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मामा ही गोष्ट ऐकवत राहिला. दर वेळी त्याची चूक थोडी वाढायची. एकदा तर तो स्कूटरवाल्या मास्तरांना सांगत होता, "चांगली वीस सेंटीमीटरची चूक होती, मास्तर!"

"सात," गाडीखालून टाचणी म्हणाली.

"सातच?"

"सातच."

"हां, सात," मामा मास्तरांना म्हणाला. "पण तीस वर्षं गाड्या उघडतोय मी, आणि ते सात दिसले या पोरीला."